अंडं निघालं सांगलीला

पार्सलच्या खिडकीवर "आत काय आहे?" असं विचारलं की माणसं खरं सांगून मोकळी होतात. कंदी पेढे. आजोबांचा चष्मा. जावईबापू विसरून गेलेला चार्जर. अडखळतो तो एकटा उबवणीची अंडी पाठवणारा. नुसतं "अंडी" म्हणावं, तर खिडकीतला माणूस "का, सांगलीतल्या कोंबड्या संपावर गेल्या का?" अशा नजरेनं बघतो. "फलित अंडी" म्हणावं, तर रांगेतली माणसं उगाच खाकरतात. "आत पिल्लं आहेत, पण अजून व्हायचीत" असं सरळ सांगावं, तर वजनकाट्याकडे निघालेला खोका हवेतच थांबतो. शेवटी "नाजूक सामान" एवढं बोलून तो सुटतो. खोक्यात काय आहे हे त्या घडीला जगात दोघांनाच ठाऊक असतं, साताऱ्यात देणाऱ्याला आणि सांगलीत घेणाऱ्याला. मधल्या सव्वाशे किलोमीटरमधले बाकी सगळे ऑम्लेट वाहून नेत असतात.

कायद्यानंही या अंड्याला नीट पाट मांडलेला नाही. 1898 च्या भारतीय डाकघर कायद्यानं टपालातून काय पाठवू नये ते सांगताना स्फोटकं, घाणेरडे पदार्थ आणि उघडी हत्यारं यांच्याच पंगतीला इतर टपालाला इजा करील असा जिवंत प्राणी बसवला होता. तो कायदा सव्वाशे वर्षं नांदला आणि 2023 चा नवा कायदा आल्यावर गेला. फलित अंडं प्राणी की पदार्थ, याचा निकाल लावून घ्यायला कुणी कोर्टाची पायरी चढल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. अंडं चावत नाही, हे खरं. पण खोक्यातून ठिबकून शेजारच्या गठ्ठ्यातल्या लग्नपत्रिकेवर पसरलं, तर त्या लग्नाला पोचणारी इजा कुठल्याही प्राण्याला जमायची नाही. जागतिक टपाल संघटनेच्या नियमांत मधमाश्या, रेशीमकिडे आणि जळवा यांना टपालानं जायची मुभा आहे. जळवांना! रक्त पिणारीला टपालात मानाची जागा, आणि कोंबडीच्या लेकराला खिडकीवर उलटतपासणी.

अमेरिकेत 1 जानेवारी 1913 ला पार्सल टपाल सुरू झालं, तेव्हा सेंट लुइस शहरातून शेजारच्या एडवर्ड्सव्हिल गावाला पहिल्याच दिवशी सहा अंडी रवाना झाली. सात तासांनी ती परत आली, केक होऊन. टपाल खात्याच्या कार्यक्षमतेचा नमुना म्हणून ही गोष्ट तिथं कौतुकानं सांगतात. आपल्याकडच्या अंडीवाल्याला ती सांगून बघा. अंडी पोचली ते ठीक, पण मधे कुणाचा तरी स्टोव्ह पेटला होता, एवढंच त्याच्या लक्षात राहील.

खोक्यावर पत्ता लिहिताना पिनकोडाशी गाठ पडते. ही सहा आकड्यांची पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं. गृहस्थ संस्कृत कवी. वृत्तात अक्षरं मोजणाऱ्या माणसानं देशाचे पत्ते मोजले, हे मला फार आवडतं. साताऱ्याचा पिन 415 नं सुरू होतो, सांगलीचा 416 नं. पण इस्लामपूर आणि विटा सांगली जिल्ह्यात असूनही त्यांचे पिन 415 चेच. त्यात नवल वाटायचं कारण नाही. 1949 साली हा जिल्हा निघाला तेव्हा त्याचं नावच दक्षिण सातारा होतं, सांगली हे नाव 1960 मध्ये मिळालं. म्हणजे साताऱ्याचं अंडं सांगलीला जातं ते परमुलखात जात नाही, वाटणी होऊन वेगळ्या राहणाऱ्या भावाकडे जातं. भाऊबंदकीही मग ओघानंच येते. तिच्याकडे येतोच.

आता कुणीही शहाणा विचारील की अंडी कशाला पाठवायची, पिल्लंच पाठवावीत. शहाण्याचं म्हणणं बरोबर आहे. कोंबडीचं पिल्लू अंड्यापेक्षा पट्टीचं प्रवासी. बाहेर यायच्या आधी ते उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय काढतं. याच जोरावर अमेरिकेत 1918 पासून एका दिवसाची पिल्लं टपालानं जातात. आपल्याकडेही एक दिवसाची पिल्लं भोकांच्या खोक्यांतून गाड्या भरून जातातच की. सातारा आणि सांगली दोन्हीकडे सरकारचे सधन कुक्कुट विकास गट आहेत, कोल्हापूरला मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. पण हौशी माणसाला सरकारी पिल्लू नको असतं. त्याला कुणाच्या तरी मळ्यातल्या, व्हिडिओत बघितलेल्या, तुरेबाज कोंबड्याचा वंश हवा असतो. आणि त्या कोंबड्याचा मालक पिल्लू द्यायला राजी नसतो, अंडी देतो. अंड्याला भाव कमी, जबाबदारी त्याहून कमी. पिल्लू मेलं तर ते दिसतं. अंडं मेलं की जिवंत, हे कळायला आठवडा जातो, आणि तोवर पैसे जमा झालेले असतात.

वंशाची ही हौस कुठवर जाते ते या भागानं कडकनाथच्या निमित्तानं बघितलं. कडकनाथ मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. 2018 साली त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. कातडी काळी, हाडं काळी, मांससुद्धा काळं. इस्लामपूर परिसरातून त्याच सुमारास एक योजना निघाली, आणि योजनेनं शेतकऱ्याची काळजी तरी किती घ्यावी! पक्षी आम्ही देऊ, खाद्य आम्ही देऊ, अंडी आम्हीच चढ्या भावानं परत घेऊ. 2019 मध्ये घेणारे गायब झाले, कोट्यवधी रुपये अडकले, गुन्हे दाखल झाले. सप्टेंबरात सांगली जिल्ह्यात मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यापुढे कडकनाथ कोंबड्या भिरकावल्या गेल्या. कोंबड्यांचा त्यात काही दोष नव्हता. आणखी एक सांगून ठेवतो, कारण अजून फसणारे फसतात: कडकनाथची अंडी काळी नसतात. फिकट बदामी असतात. "काळी अंडी" म्हणून जो विकतो, त्याच्याकडे रंग आहे, कोंबडी नाही.

तर, अंडं. ते कोंबडीच्या पोटातून येतं तेव्हा तिच्याइतकंच, 41 अंशांच्या आसपास गरम असतं. गार होता होता आतला ऐवज आकसतो आणि बोथट टोकाला दोन पापुद्र्यांच्या मधे हवेची छोटी खोली तयार होते. पिल्लाचा पहिला श्वास याच खोलीतला. बलक मधोमध तोलून धरायला दोन्ही बाजूंनी पिळाच्या दोऱ्या असतात. एवढी नाजूक मांडामांड घेऊन हे अंडं महामार्गाला लागतं. सहापदरीकरणाचे वळणरस्ते, गतिरोधक, उंब्रज, कराड, पेठ नाका, तिथून इस्लामपूर, आष्टा आणि मग सांगली. कवच शाबूत राहतं. आतली खोली मात्र पायापासून सुटते आणि हवेचा बुडबुडा अंडंभर हिंडायला लागतो. मिरजेचे कारागीर सतारी आणि तंबोरे कुठकुठल्या देशांत पाठवतात. त्यांच्या भोपळ्याला वाटेत तडा गेला तर तो निदान दिसतो, वाजवून बघता येतो. अंड्याचं दुखणं मुकं.

जुन्या पैलवान मंडळींत एक कुजबुज ऐकू येते. घराण्याच्या कोंबडीची अंडी मागितली की नाही म्हणता येत नाही, पण वंश बाहेर जाऊ द्यायचा नाही. म्हणून म्हणे अंडी द्यायच्या आधी कानाशी धरून खळाखळा हलवतात. खरंखोटं देव जाणे. पण असल्या कपटाची आता गरज उरलेली नाही. ते काम रस्ता करतो, तेही एक पैसा न घेता.

मात्र हे सगळं धरूनही माझं ठाम मत असं झालंय की फलित अंड्याला निष्काळजी माणसानं फारसं मारलेलं नाही. त्याला मारलंय काळजी घेणाऱ्यानं.

सुरुवात पाठवणाऱ्याच्या घरातूनच होते. सांगलीच्या माणसाला घाणेरडी अंडी कशी पाठवायची, म्हणून घरची लक्ष्मी ती धुऊन, पुसून, लख्ख करून देते. अंड्यावर निसर्गानं एक पातळ लेप चढवलेला असतो, तो कवचाच्या हजारो छिद्रांतून जंतू आत जाऊ देत नाही. धुतलेल्या अंड्याचा हा अंगरखाच उतरवलेला असतो. दुसरा काळजीवाहू चिकटपट्टीवाला. त्याला खोका संपवायचा नसतो, चिकटपट्टी संपवायची असते. वरून, खालून, आडवी, तिडवी, प्लॅस्टिकचा वेढा त्याहून वर. आतलं अंडं श्वास घेतं हे त्याला सांगितलं तर तो आपल्याकडेच काळजीनं बघतो. तिसरा, बांधून झाल्यावर "बसलंय का नीट बघू" म्हणून खोका दोन्ही हातांनी जोरात हलवणारा. आवाज आला नाही की त्याला समाधान वाटतं. आवाज न येणं हीच चांगल्या बांधणीची खूण आहे, हे खरं आहे. पण ती खूण खोका हलक्या हातानं कलवूनही पटते, हे कोण सांगणार?

मग वाटेतले सज्जन. "आत अंडी हैत, जपून न्या" असं सांगितलं की जुन्या लाल गाडीचा ड्रायव्हर ती मागं सामानात टाकत नाही. आपल्या शेजारी, इंजिनावरच्या बॉनेटवर ठेवतो. ही मानाची जागा. तिथं मास्तरांची पिशवी असते, हार घातलेला देव समोर असतो. चैत्रात त्या पत्र्यावर हात टेकवत नाही, ही गोष्ट वेगळी. ट्रॅव्हल्सवाला आणखी उदार असतो. चेंगरायला नकोत म्हणून तो खोका सगळ्या सामानाच्या वर, काचेपाशी, उन्हात ठेवतो. आणि सांगलीत पोचल्यावर घेणाऱ्याला यायला उशीर झाला, तर पार्सल कचेरीतला एखादा कनवाळू जीव विचार करतो, अंडी आहेत, उन्हाळ्याचे दिवस आहेत, नासायला नकोत. आणि फ्रिजमध्ये ठेवतो. दाराच्या खणात, प्रत्येकाला वेगळा खळगा देऊन.

उन्हाचा मामला जरा समजून घेण्यासारखा आहे. अंडं बाहेर येतं तेव्हाच त्यात हजारो पेशींची चकती तयार असते. साधारण 20-21 अंशांच्या खाली ती झोपलेली असते. 13 ते 18 अंशांत, निमुळतं टोक खाली करून ठेवलं तर अंडं आठवडाभर सहज दम धरतं, दहा दिवसांनंतर मात्र फळ झपाट्यानं घटत जातं. पण सांगलीचा एप्रिल 40 अंशांच्या आसपास खेळत असतो. त्यात बंद खोक्यातली चकती दुपारी जागी होते, वाढायला लागते, रात्री थांबते, दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धवट उठते आणि शेवटी कंटाळून जीव सोडते. म्हणून जाणते लोक दिवाळी ते होळी एवढ्याच मोसमात अंडी हलवतात. उरलेले लोक उन्हाळ्याच्या सुट्टीत हलवतात, कारण तेव्हा पोरं घरी असतात आणि पोरांना पिल्लं बघायची असतात.

बांधायची रीत तशी अवघड नाही. आमच्याकडच्या जुन्या बाया पत्र्याच्या डब्यात भाताचं तूस नाहीतर ज्वारी घालून त्यात अंडी रोवत, एकमेकाला न लागतील अशी. ज्वारीचा फायदा दुहेरी. अंडी पोचतात आणि भाकरीचीही सोय होते, पाहुण्याकडे अगदी रिकाम्या हातानं गेल्यासारखं होत नाही. आता फोमच्या जाड लादीला अंड्याएवढी भोकं पाडतात, प्रत्येक अंडं वेगळं गुंडाळून टोक खाली करून बसवतात, तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवतात आणि मधे भुसा किंवा चुरगळलेली वर्तमानपत्रं भरतात. लादी उत्तम. पण माझा कल तुसाकडे. तुसातून हवा खेळते, आणि ते कुठल्याही गिरणीत मिळतं. बाहेर बाण काढून "ही बाजू वर" असं लिहितात. तो बाण सांगलीत पोचतो तेव्हा बहुधा मिरजेकडे बोट दाखवत असतो.

खोका उघडल्यावर पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. अंडी टोक खाली करून बारा ते चोवीस तास गप्प ठेवायची, सुटलेली हवा जागेवर बसायला वेळ द्यायचा. हे सांगलीकराला जमत नाही. खरं तर कुणालाच जमत नाही. सव्वाशे किलोमीटरवरून आलेला पाहुणा दारात बसवून ठेवल्यासारखं त्याला वाटतं. मशीन तयार असतं: थर्माकोलचा खोका, त्याला काचेची खिडकी, आत पाण्याची वाटी, एक थर्मोस्टॅट आणि बल्ब. बल्ब जुना तारेचा लागतो, कारण एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. जगानं विजेची बचत केली त्याचा फटका असा कोंबडीच्या पिल्लांना बसला. 37.5 अंश धरून ठेवायचे, अंडी दिवसातून चार-पाच वेळा फिरवायची, शेवटचे तीन दिवस फिरवणं बंद आणि ओल वाढवायची. एवढं सोपं. पण खिडकीतून बघून समाधान होत नाही म्हणून झाकण उघडलं जातं. शेजारी येतात, त्यांच्यासाठी उघडलं जातं. सासूबाई "कोरडी वाटत्यात" म्हणून पाण्याचा हबका मारतात. लाईट जाते. लाईट आली का बघायला पुन्हा उघडलं जातं.

खुडूक कोंबडी यातलं काही करत नाही. तिच्याकडे थर्मामीटर नाही, पुस्तक नाही. दिवसातून एकदा उठते, दाणे टिपते, धुळीत लोळते, पंधरा-वीस मिनिटं अंडी उघडी टाकून गावभर हिंडून येते आणि परत बसते. एकविसाव्या दिवशी पिल्लं. तिच्या नावावर सगळ्यात मोठा हलगर्जीपणा, आणि सगळ्यात चांगला निकालही तिचाच. म्हणून मुरलेला सांगलीकर मशीनच्या नादी न लागता गल्लीत खुडूक शोधत फिरतो. मिळाली तर अर्धलीनं मिळते, म्हणजे निघतील त्यातली निम्मी पिल्लं कोंबडीच्या मालकिणीची. मग आलेल्या अंड्यांवर कोळशाची रेघ ओढायची, नाहीतर रवणीवरच्या कोंबडीखाली शेजारणी येऊन आपली घालून जातात. डालग्यात लोखंडाचा तुकडा ठेवायचा, विजेच्या कडकडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून. लोखंडानं वीज कशी अडते ते मला विचारू नका, मी ते काढायला सांगायचं धाडस करणार नाही.

आणि मग सातवा दिवस. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च अंड्याच्या बुडाशी धरायचा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे. नुसता पिवळा उजेड दिसला तर एकतर त्याला कोंबडा कधी लाभलाच नव्हता, किंवा लाभला होता आणि वाटेत घात झाला. हौशी डोळ्याला या दोन्हीतला फरक कळत नाही. साताऱ्याला खरा फोन लागतो तो इथं.

"मालक, बारातली सात बिनकोंबड्याची निघाली की."

"बिनकोंबड्याची? आमचा कोंबडा बघितलाय का तुमी?"

आणि कोंबड्याचा फोटो येतो. मागून व्हिडिओ येतो, त्यात तो पुरावा देताना दिसतो. सांगलीकर रस्त्याचा फोटो पाठवत नाही, कारण अर्धा रस्ता त्याच्याच जिल्ह्यातला. सातारकर म्हणतो तुमचं मशीन तापलं असणार. सांगलीकर म्हणतो तुम्ही खोका बोचक्यासारखा बांधला. खरं म्हणजे वाटेनं आलेल्या अंड्यांतली निम्मी निघाली तरी या धंद्यातले जुने लोक देवापुढं नारळ फोडतात. पण हे अंडी विकताना कुणी बोलत नाही, विकून झाल्यावर बोलतात.

उरलेल्या पाचांतून चार पिल्लं निघाली असं धरा. मोठी झाली की त्यातला एक पाठीवर पांढरे ठिपके घेऊन हिंडायला लागतो. मग वंशशुद्धीचा वाद. कोंबडीनं एकदा कोंबड्याचं बीज घेतलं की ती दहा-बारा दिवस ते जपून ठेवते, त्यामुळे मालकानं कोंबडा बदलला तरी पुढची कितीतरी अंडी आधीच्याच्या नावावर निघतात. सातारकर हे शपथेवर सांगतो. सांगलीकराच्या मते ते शेजारच्या मळ्यातल्याचं काम आहे. चारांतले तीन कोंबडे निघतात तेव्हा मात्र दोघेही गप्प बसतात. निसर्गाचा हिशोब निम्म्याचा असला तरी विकत घेतलेल्या अंड्यांतून कोंबडे जास्त का निघतात, हे कोडं आजवर कुणाला सुटलेलं नाही.

पुढच्या दिवाळीला सांगलीकर पुन्हा फोन करतो. आवाज गोड.

"मालक, एवढा कुटाणा करण्यापेक्षा अंडी ऱ्हाऊ द्या. यंदा दोन तलंगा आन् एक कोंबडाच द्या की. गाडी घेऊन येतो."

"आन् पुढच्या वर्षी आमी काय करायचं? तुमच्याकडनं अंडी मागवायची का?"

"मग?"

"मग काय. बारा सांगू का दोन डझन?"